हायवेकडेचं अंगण, कंपाउंड आणि दोरीचं गणित

मामींनी अंगणात बसून शेंगा फोडायचं सोडलं त्याला दोन वर्षं झाली. बेळगावात त्यांचं घर हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून आहे. कंपाउंड कमरेएवढं, त्यावर लोखंडी जाळी. संध्याकाळी पुण्याकडे आणि हुबळीकडे जाणाऱ्या ट्रकांची जी रांग लागते ती रात्री उशिरापर्यंत तुटत नाही. शेजारच्या काकू कंपाउंडपाशी येऊन काहीतरी विचारतात, मामी "आं? आं?" करतात, आणि शेवटी दोघी हातानंच "राहू दे, उद्या" अशी खूण करून आत जातात. "काय बोलूलाल्यात तेच ऐकू येईना बघ," मामी सांगतात.

कुणीतरी सांगितलं म्हणून आधी जाळीला हिरवं शेडनेट बांधलं. मग त्याच्या आतून बांबूची तट्टी. मग तट्टीच्या आत अशोकाची सात रोपं. रस्ता दिसेनासा झाला, आवाज मात्र होता तेवढाच. शेवटी मामांनी मेस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, नऊ इंची चिऱ्याची भिंत घाला, आवाजाचं नाव राहणार नाही.

शेडनेट फसलं ते आवाज त्यातून आरपार आला म्हणून. आणि नऊ इंची भिंतीनंही आवाजाचं नाव पुसलं जाणार नव्हतं, कारण भिंत घातली की आवाज तिच्यावरून येतो. आरपार येणारा आवाज आणि वरून येणारा आवाज या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांचे उपायही वेगळे. लोक पहिल्या वाटेवर सगळे पैसे घालतात आणि दुसरी उघडी ठेवतात.

हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. पुणे-बेंगळूर हायवे आमच्या भागात सहापदरी होतोय, हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांचा विरोध वर्षानुवर्षं पेपरात येतोय, रिंग रोडची चर्चा आहेच. काल ज्याच्या घरामागे भाताचं शिवार होतं, त्याच्या घरामागे उद्या रस्ता असू शकतो.

डेसिबल: टाळकऱ्यांचा हिशेब

आवाज मोजायचं माप म्हणजे डेसिबल. हे माप किलो-लिटरसारखं सरळ बेरजेचं नाही, आणि इथंच सगळा घोटाळा होतो.

भजनात एक टाळकरी टाळ वाजवतोय असं समजा. त्याच्या शेजारी तसाच वाजवणारा दुसरा बसला, तर आवाज दुप्पट वाटतो का? नाही, जरासा वाढल्यासारखा वाटतो. हा फरक ३ डेसिबलचा. आवाज खरोखर दुप्पट झाला असं कानाला वाटायला साधारण दहा टाळकरी लागतात. तो फरक १० डेसिबलचा.

आता हेच उलटं फिरवा. हायवेवरची निम्मी वाहनं उद्या गायब झाली, तरी मामींच्या अंगणात आवाज फक्त ३ डेसिबलनं उतरेल, म्हणजे कळेल न कळेल इतकाच. ५ उतरले तर नक्की कळतं. १० उतरले तर निम्मा झाला असं वाटतं. घराच्या चांगल्या कंपाउंडकडून ५ ते १० डेसिबलची अपेक्षा ठेवावी. "शांतता मिळेल" असं कुणी म्हणत असेल तर तो काहीतरी विकतोय.

कायदा काय म्हणतो तेही एका ओळीत: केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हायवेला लागून राहणाऱ्यांनी हा आकडा वाचून हसावं की रडावं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दिसत नाही, तरी ऐकू कसं येतं?

भिंतीपलीकडचा माणूस दिसत नाही, खरं हाक मारली की ऐकू येते. उजेड भिंतीपाशी अडतो, आवाज वाकतो. ध्वनी लाटांनी जातो, आणि लाट जितकी लांब तितकी ती अडथळ्यावरून सहज वळते.

शेताचा गडगा आठवा. उंच माणूस टांग टाकून पलीकडे जातो, लहान पोर अलीकडेच अडतं. ट्रकच्या इंजिनाची घुरघुर, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपासचा खर्जातला आवाज, त्याची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. सात फुटी भिंत तिच्यासाठी गडगाच. सेकंदाला हजार कंपनांचा आवाज, ज्यात टायरची सळसळ बरीचशी येते, त्याची लाट एक फुटाहून जराशीच मोठी. ती मात्र भिंतीपाशी अडखळते. म्हणून भिंतीमागे बसल्यावर आवाज नुसता कमी होत नाही, बदलतो. धार जाते, घुरघुर मागे राहते.

गाडी शहरातल्या वेगापेक्षा जोरात जायला लागली की कारच्या बाबतीत इंजिनापेक्षा टायरचाच आवाज जास्त होतो, आणि टायर जमिनीला टेकलेला असतो. ही आपल्यासाठी चांगली बातमी. आवाजाचा उगम जितका खाली, तितकी भिंत जास्त उपयोगी.

दोरी घेऊन बसलो

मेस्त्री ऐकेना, तेव्हा मी मामांना म्हटलं, मोजून बघू. हायवेवर जाऊन दोरीचं टोक कोण धरणार? म्हणून शेजारच्या मोकळ्या साइटवर तोच देखावा मांडला. एक खुंटी गुडघ्याएवढी, अर्धा मीटर उंच: हा ट्रकचा टायर. तिच्यापासून १० मीटरवर उभा बांबू: ही भिंत. बांबूच्या पलीकडे ३ मीटरवर मामींची खुर्ची. खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान साधारण सव्वा मीटरवर येतो.

आधी खुंटीपासून कानापर्यंत सरळ दोरी ताणली. ती बांबूला साधारण साडेतीन फुटांवर घासून गेली. म्हणजे कमरेएवढं कंपाउंड दोरीच्या वाटेत येतच नव्हतं. तिथं भिंत असून नसल्यासारखी.

मग दोरी बांबूवरच्या पाच फुटांच्या खुणेवरून नेली. किती जास्त दोरी लागली? फक्त ५ सेंटीमीटर. सात फुटांवरून नेली तर २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून जरा जास्त. आठ फुटांवरून ४१.

हा जो जास्तीचा दोरा लागला, त्याला आपण वळसा म्हणू. सगळं गणित या वळशात आहे. जपानी ध्वनिशास्त्रज्ञ माएकावा यांनी १९६८ मध्ये वळसा आणि आवाजातली घट यांचं नातं मांडलं, आणि रस्त्याकडेच्या भिंतींचा ढोबळ हिशेब आजही त्याच वाटेनं करतात. नुसती सरळ रेघ तुटली, म्हणजे ट्रकचे टायर दिसेनासे झाले, की सुमारे ५ डेसिबल मिळतात. त्यापुढे उंचीच्या दर मीटरला दीडेक डेसिबल. सूत्रात आकडे घातले तर सात फुटांना बाराएक डेसिबल येतात, पण सूत्राला गेट नसतं आणि शेजारचा मोकळा प्लॉटही नसतो. प्रत्यक्षात सात-आठ मिळाले तरी खूश व्हावं.

मामा म्हणाले, मग आठ फूट घालूया. तेवढ्यात मामींनी खुर्ची उचलून बांबूच्या जवळ, दीड मीटरवर आणून ठेवली. "आता मोज की." मोजलं. सात फुटांवरून वळसा ३७ सेंटीमीटर. एक फूट भिंत वाढवून जे मिळणार होतं, त्यातलं बरंचसं खुर्ची सरकवून मिळालं. खुर्ची बांबूपासून ८ मीटर मागे नेऊन ठेवली तर तोच वळसा १७ वर आला.

म्हणून भिंत एकतर रस्त्याच्या जवळ हवी किंवा तुमच्या जवळ. दोघांच्या मधोमध असेल तर तिचा उपयोग सगळ्यात कमी. आणि रस्त्याच्या आवाजाला कंटाळून आपण घराकडे, मागे सरकून बसतो ना, त्यानं कंपाउंडचा फायदा घालवतो. कंपाउंडला चिकटून बसावं. पटत नाही, खरं दोरी खोटं बोलत नाही.

भिंत कशाची?

इथं मेस्त्रीचा नऊ इंची चिरा येतो. वरून येणारा आवाज जर आठ डेसिबलनंच उतरणार असेल, तर भिंतीतून आरपार येणारा आवाज चाळीस डेसिबलनं अडवून काय करायचं? घराला एक दार उघडं ठेवून दुसऱ्याला चार कुलपं लावल्यासारखं ते. भिंतीनं आरपारची वाट पुरेशी बंद करावी, बस्स. त्यासाठी दर चौरस मीटरला १० ते २० किलो वजन असलं की काम होतं.

साडेचार इंची विटेची भिंत चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. दीड इंची शहाबादी फरशी उभी केली तरी शंभर किलो. रेडीमेड कंपाउंडच्या सिमेंटच्या पट्ट्या तशाच. खानापूरकडे जांभा हाताशी आहे, तिथं चिरा घाला, मजबुतीला आणि दिसायला तो उत्तमच; पण आवाजासाठी जास्तीची जाडी घेऊ नका. ते पैसे उंचीला आणि गेटला लावा.

पत्र्याचं काय? अर्ध्या मिलिमीटरचा पन्हळी पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार किलो. टायरची सळसळ तो बऱ्यापैकी अडवतो, ट्रकची घुरघुर मात्र त्यातून सरळ आत येते, आणि वर पत्रा स्वतः थरथरून आपली भर घालतो.

शेडनेटचं वजन किती ते सांगायलाच नको. ज्यातून फुंकर आरपार जाते त्यातून आवाजही जातो. बांबूच्या तट्टीची हीच गोष्ट. रेडीमेड पट्ट्यांच्या कंपाउंडमध्येही दोन पट्ट्यांमधल्या फटी आणि जमिनीलगतची मोकळी जागा सिमेंटनं भरून घ्यावी लागते. बांधणारे ती भरत नाहीत, सांगावं लागतं.

मेस्त्रीच्या बाजूनंही एक बोलायला हवं. त्याची काळजी आवाजाची नव्हती, पडण्याची होती, आणि ती बरोबर आहे. सात फुटी, साडेचार इंची सुटी भिंत वादळी वाऱ्यात आडवी होऊ शकते. तिला ठरावीक अंतरावर पिलर हवेत, पाया हवा. काळ्या मातीत तर नक्कीच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत तडकवते. उंचीला परवानगी लागते, ती महापालिकेत किंवा पंचायतीत आधी विचारावी.

गेट

खरी गोम इथं आहे.

मामांच्या साइटची रस्त्याकडची बाजू तीस फूट. त्यात बारा फुटी गेट, सळ्यांचं. म्हणजे पुढच्या बाजूचा चाळीस टक्के भाग उघडाच. ढोबळ हिशेब असा की पुढच्या बाजूला येणाऱ्या आवाजाचा चाळीस टक्के भाग बिनधास्त आत आला, तर उरलेली भिंत राजहंसगडाच्या तटासारखी असली तरी एकूण फायदा चार डेसिबलच्या पुढे जात नाही. गेटच्या समोर बसलात तर तेवढाही नाही.

म्हणून गेट बंद पत्र्याचं हवं आणि भिंतीएवढं उंच हवं. पत्रा दोन मिलिमीटरचा घेतला तर चौरस मीटरला सोळा किलोच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या १० ते २० च्या हिशेबात बसतो. गेट जड होतं, बिजागऱ्या चांगल्या लागतात, सरकतं असेल तर रूळ नीट लागतो.

आणि गेटखालची फट! चार इंच तरी असते. मामांच्या मापानं ती पुढच्या बाजूच्या दोन टक्के भरली. दोन टक्के भोक म्हणजे सतरा डेसिबलची मर्यादा, एवढं चालून जातं. तरी मामांनी भंगारातून कन्व्हेयर बेल्टची पट्टी आणून गेटच्या तळाला बोल्टनं लावली. तिचा दुसरा फायदा असा झाला की शेजारचं मांजर यायचं बंद झालं. मामी त्यावर नाराज आहेत.

बंद गेटवर दोन आक्षेप मामींनीच घेतले. एक, बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही. त्यासाठी डोळ्याच्या उंचीवर सरकत्या झाकणाची छोटी खिडकी केली. दुसरा जास्त गंभीर: गाडी मागे घेताना सर्व्हिस रोडवरून कोण येतंय ते उंच भिंतीमुळे दिसत नाही. यावर गेटजवळची भिंत दोन्ही बाजूंना तिरपी आत घेतली. जागा थोडी गेली, जीव वाचतो.

पाणी जायच्या भोकांची भीती मात्र बाळगू नका. आमच्याकडच्या पावसात भिंतीच्या तळाशी ती हवीतच, नाहीतर अंगणाचं तळं होतं. दर दहा फुटांना एक चार इंची पाइप ठेवला तर ते भोक भिंतीच्या हजारातला एखादा भाग भरतं. त्यानं काहीही बिघडत नाही.

कडेनं येतो त्याचं काय?

वरून वळसा घेतो तसा आवाज भिंतीच्या दोन्ही टोकांकडूनही घेतो. जाणकारांचा ठोकताळा असा: तुम्ही भिंतीपासून जितके दूर बसता, त्याच्या चौपट लांबी दोन्ही बाजूंना हवी. तीन मीटरवर बसलात तर दोन्हीकडे बारा-बारा मीटर. तीस बाय चाळीसच्या साइटवर हे होणं नाही. मग भिंत काटकोनात वळवून दोन्ही बाजूंनी आत आणायची. बाजूचं कंपाउंड शेजाऱ्यांचं आणि आपलं मिळून असतं, तेव्हा हे काम मेस्त्रीच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून करायचं.

झाडं लावली तर?

हा प्रश्न दहातले आठ जण विचारतात, आणि उत्तर ऐकून नाराज होतात. आवाजाला अडवायचं तर झाडांचा पट्टा आरपार न दिसणारा, खालपासून वरपर्यंत दाट आणि ३० मीटर तरी रुंद हवा. तेव्हा कुठे पाचेक डेसिबल मिळतात. ३० मीटर म्हणजे मामांच्या साइटसारख्या अडीच साइट एकामागे एक. मेंदीच्या एका ओळीनं किंवा अशोकाच्या सात रोपांनी मोजण्यासारखं काहीच होत नाही.

तरीही मी मामींना अशोक काढू दिला नाही. रस्ता दिसला नाही की आवाजाचा त्रास कमी वाटतो, धूळ अडते, आणि वाऱ्यानं पानं सळसळली की तेवढ्यापुरता ट्रक मागे पडतो. झाडं भिंतीच्या जोडीला लावा, भिंतीऐवजी नको.

वरच्या मजल्यावर?

काही उपयोग नाही. गॅलरीत उभं राहून रस्ता दिसत असेल तर दोरी भिंतीला न लागता सरळ येते. रस्ता भरावावर किंवा उड्डाणपुलावर असेल तर तळमजल्यालाही हेच लागू. तिथं भिंत पुलाच्याच कठड्यावर हवी, आणि ते सरकारचं काम. मुंबईत काही उड्डाणपुलांच्या कडेला असे पडदे लावलेत. नागपूरजवळ पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या हायवेवर तर ते वाघ-हरणांसाठी लावलेत. माणसांच्या वस्तीनं मागणी करायला हरकत नाही.

आपला आवाज समोरच्यांच्या घरात?

थोडाफार जातो. गुळगुळीत कडक भिंत आवाज परतवते, पण रस्त्यापलीकडे त्यानं होणारी वाढ जास्तीत जास्त ३ डेसिबलची, प्रत्यक्षात त्याहून कमी. चिऱ्याची भिंत गिलावा न करता खडबडीत सोडली किंवा तिच्यावर वेल चढवली तरी यात फारसा फरक पडत नाही, उगाच कुणी सांगितलं म्हणून खर्च करू नका.

ऊस आणि थंडी

भिंत उभी राहिली ती दिवाळीच्या आधी, आणि लगेच उसाचा हंगाम सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांवर स्पीकर. त्यात हिवाळी पहाटेचा आणखी एक खेळ असतो. रात्रभर जमीन थंड होते, तिला लागून थंड हवा बसते, वरची हवा त्यामानानं उबदार. अशा थरांत वर निघालेला आवाज परत खाली वाकतो. म्हणून थंडीत पहाटे लांबच्या रेल्वेची शिट्टी उशाशी वाजल्यासारखी वाटते. वरून खाली येणाऱ्या या आवाजापुढे कंपाउंडचं फारसं चालत नाही. वारा रस्त्याकडून घराकडे असेल तेव्हाही तसंच.

मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप मिळतं. त्याचा आकडा खरा धरू नये, पण त्याच फोननं, त्याच खुर्चीतून, त्याच वेळी, आधी आणि नंतर मोजलं तर फरक विश्वास ठेवण्यासारखा असतो. मामींच्या खुर्चीत आधी ७१ यायचे. भिंत झाल्यावर, सळ्यांचं गेट असताना ६८. बंद गेट बसवल्यावर ६३. खुर्ची भिंतीजवळ घेतल्यावर ६२. भिंतीचा खर्च गेटच्या तिप्पट होता, एवढं फक्त नोंदवतो.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा मामी कंपाउंडला टेकून शेंगा फोडत होत्या. काकू पलीकडच्या भिंतीवरून बोलत होत्या आणि ऐकू येत होतं. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला. धडधड, धडधड. मामींनी हात थांबवला, कान दिला आणि म्हणाल्या, "आधी कुठलं गाणं ते कळायचं. आता नुसता ठोका कळतोय की."